चिठ्ठी निघाली, बाई पोहोचली का?

(दृश्य: मोठ्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग. दाखल रुग्णांचं रजिस्टर, ओळींवरून सरकणारं बोट.)

नाव, वय, कुठून आली, खालच्या लहान केंद्रानं कशासाठी पाठवली. या शेवटच्या रकान्यात तीच तीच कारणं पुन्हा पुन्हा भेटतात. रक्तदाब वाढला. त्यातून झटके (फिट) आले. बाळंतपणानंतर रक्त थांबेना. आधीचं सिझेरियन आहे. बाळ अडलंय. जगातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचं रजिस्टर उघडा, ही यादी फारशी बदलत नाही.

बदलते ती वेळ. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव उपचारांविना राहिला, तर साधारण 2 तासांत जीव जाऊ शकतो. बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात हाताशी 12 तास असतात, गर्भपिशवी फाटली तर एक दिवस, झटक्यांत दोन, बाई अडली तर तीन, जंतुसंसर्गात सहा. हे सरासरीचे ठोकताळे आहेत, प्रत्येकीला इतका अवधी मिळेलच असं नाही. पण यावरून एक गोष्ट उघड होते. रस्ताच दोन तासांचा असेल, तर रक्त जाणाऱ्या बाईला नुसतं गाडीत घालून चालत नाही. ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकुंचन पावायला लावणारं औषध), सलाइन, गर्भपिशवी चोळून घट्ट करणं, हे सगळं गाडी निघण्याआधी आणि गाडी चालू असतानाही व्हायला हवं.

झटक्यांचंही तसंच. मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त औषध. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचणीत दिसलं, की रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला ते दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. खालच्या केंद्रात पूर्ण उपचार शक्य नसतील, तर त्याचा पहिला डोस तिथंच द्यायचा आणि मग पुढे पाठवायचं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

(दृश्य: टेबलावर एक रेफरल चिठ्ठी, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवताना सोबत दिलेली. कॅमेरा जवळ जातो.)

ही चिठ्ठी वाचा. ‘रक्तदाब जास्त. पुढील उपचारासाठी पाठवत आहोत.’ खाली सही. रक्तदाब किती होता? कधी मोजला? इंजेक्शन दिलं का? दिलं असेल तर किती, किती वाजता? मॅग्नेशियमचा डोस चुकून दुप्पट झाला तर श्वास मंदावतो, आणि राहून गेला तर झटका येऊ शकतो. वरच्या डॉक्टरसमोर आता ही बाई आहे आणि हा कागद आहे. ती शुद्धीवर नाही, कागदावर वेळ नाही.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी 1994 साली माता मृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: घरातून निघायचं ठरवायला लागलेला, पोहोचायला लागलेला, आणि दारात पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला लागलेला. पहिल्यावर भाषणं भरपूर होतात. तिसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण तिथं बोट आपल्याच आरोग्य खात्याकडे वळतं. भूल देणारे डॉक्टर नाहीत, रक्तपेढीत त्या गटाचं रक्त नाही, म्हणून दुसरीकडे न्या, तिथून तिसरीकडे. त्यात भर म्हणजे जवळच्या केंद्रावर विश्वास नसल्याने साध्या बाळंतपणासाठीही बायका थेट मोठ्या रुग्णालयात येतात. दोष त्यांचा नाही. पण खाटा भरतात, आणि खरी अडलेली बाई मार्गिकेत थांबते.

(दृश्य: स्त्रीरोग विभागाची ओपीडी. बाकावर बसलेल्या बायका, मांडीवर जाड फायली.)

इथं घाई दिसत नाही, त्यामुळे उशीरही दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस घ्या, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर गर्भपिशवीबाहेर वाढण्याचा आजार. जगात सुमारे 19 कोटी स्त्रिया आणि मुलींना तो आहे, आणि निदानाला बऱ्याचदा 4 ते 12 वर्षं जातात. पाळीत दुखायचंच, असं आधी घरचे म्हणतात, मग डॉक्टरही. अंडाशयाच्या कर्करोगात पोट फुगतं, दोन घासांत पोट भरतं, लघवीला वारंवार लागतं. साहजिकच चिठ्ठी निघते पोटविकाराच्या डॉक्टरांकडे.

पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, तर मात्र काय करायचं यात संदिग्ध काही नसतं. बहुतेकींना कर्करोग नसतो. पण गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ जणींना हा रक्तस्राव होतो. म्हणून तपासणी टाळायची नाही. तरी बायका महिनोन्‌महिने अंगावर काढतात.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी 2020 साली जागतिक उद्दिष्ट ठरलं: 90-70-90. नव्वद टक्के मुलींना लस, सत्तर टक्के स्त्रियांची तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांना उपचार. गाडी अडते ती या शेवटच्या नव्वदपाशी. तपासणी इथं, निकाल आठवड्यांनी, पुढची तपासणी भलत्याच ठिकाणी. दरम्यान काही जणी गळतात. म्हणूनच जिथं शक्य आहे तिथं तपासणी आणि उपचार एकाच भेटीत उरकायची पद्धत आली. स्तनाच्या गाठीसाठी मुदतच आखली आहे: दाखवायला आल्यापासून 60 दिवसांत निदान.

(दृश्य: दोन रजिस्टरं शेजारी शेजारी. एकात टिकमार्क होतायत, काही ओळी कोऱ्या.)

रेफरलचे आकडे बहुधा पोहोचलेल्यांचे असतात. वाटेतून परतलेली, गाडी न मिळालेली, ‘दुसऱ्या दिवशी जाऊ’ म्हणालेली बाई वरच्या रजिस्टरमध्ये नसतेच. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रजिस्टर ताडून पाहिलं, तरच कोऱ्या ओळी दिसतात. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं सापडणं कठीण.

आणि परतीची चिठ्ठी? बाळंतपण पार पडलं तरी झटक्यांचा धोका लगेच टळत नाही. पहिले दोन दिवस जास्त जोखमीचे, आणि पुढच्या काही आठवड्यांतही झटका येऊ शकतो. घरी परतलेल्या या बाईचा रक्तदाब खालच्या केंद्रातल्या नर्सने मोजायचा आहे. ती परत आलीय, गोळ्या कुठल्या चालू आहेत, पुन्हा कधी दाखवायचं, हे त्या नर्सला कुणी कळवलंय का, ते विचारून घ्या.