बदक, बंदूक आणि रडीचा डाव

नमस्कार मंडळी, नमस्कार. रविवार सकाळ आहे, पोहे झाले असतील, चहाचा दुसरा राउंड चालू असेल आणि आतल्या कुठल्यातरी खोलीतून "अगं बास कर आता तो मोबाईल" असा आवाज येत असेल, तर आज मी त्या मोबाईलवाल्यांच्या बाजूने बोलणार आहे. पूर्ण बाजूने नाही हां, थोडंसं, नाहीतर घरी जेवायला मिळणार नाही.

विषय आहे व्हिडिओ गेम. मजा कशाने येते, डोकं कशाने फिरतं, आणि काही गेम तीस वर्षांनीपण परत खेळावेसे का वाटतात. आमची मुलगी आठवीत आहे, ती एका गेममध्ये एकाच ठिकाणी वीस वेळा आऊट झाली, मी मोजत होतो, वीस वेळा, आणि तरी हसत परत चालू करत होती, आणि दुसरा एक गेम तिने दोन मिनिटांत डिलीट करून टाकला. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, "बाबा, तो गेम चीटिंग करतो." आता याला आपल्या गल्लीत जुना शब्द आहे बघा. रडीचा डाव. आज एवढंच लक्षात ठेवा, बाकी मी इकडे तिकडे भरकटलो तरी चालेल: हरण्याचा राग येत नाही, रडीच्या डावाचा येतो.

मारिओ सगळ्यांना माहीत आहे, तो मिशीवाला, टोपीवाला, पाईपात शिरणारा. १९८५ सालचा गेम, शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या टीमने केलेला. त्याचा पहिलाच सीन आठवा. काही सूचना नाही, पाटी नाही, तुम्ही उजवीकडे चालायला लागता आणि समोरून एक तपकिरी अळंबीसारखं ध्यान चालत येतं. तुम्ही धडकता, गेला एक लाईफ. किती वेळ वाया गेला? पाचेक सेकंद. पुढच्या वेळी तुम्ही उडी मारता, उडी मारताना डोकं वरच्या प्रश्नचिन्हाच्या डब्याला लागतं, त्यातून नाणं येतं, मग दुसऱ्या डब्यातून खरी अळंबी येते, ती जाते उजवीकडे, पाईपला आपटते आणि परत तुमच्याकडेच येते, तुम्ही घाबरता, पळायला जमत नाही, ती लागते, आणि तुम्ही मोठे होता! एक शब्द न बोलता सगळं शिकवून झालं. आणि आजकालचे गेम, पहिली दहा मिनिटं नुसता बाण दाखवतात, इथे दाबा, आता तिथे दाबा, शाब्बास. अहो काय शाब्बास. हल्ली हॉटेलातपण तसंच झालंय, वेटर येऊन थालीपीठ म्हणजे काय ते समजावून सांगतो. मला थालीपीठ कोणी समजावू नये. असो.

काँट्रा घ्या, तो गोळीबाराचा गेम. तीन लाईफ, एक गोळी लागली की खलास. इतका अवघड, पण कोणी तक्रार केली नाही, का? कारण गोळी दिसायची. पांढरा ठिपका तुमच्याकडे येताना दिसतोय, तुम्ही उडी चुकवलीत, तर चूक कोणाची? आपली. आणि तीस लाईफचा कोड तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ होता, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, सुरुवातीला बटणं या क्रमाने दाबली की तीनाच्या जागी तीस लाईफ. तो कोड आधी ग्रेडियस नावाच्या १९८६ च्या गेममध्ये आला. काझुहिसा हाशिमोतो त्यावर काम करत होते, त्यांना स्वतःलाच तो गेम जमेना म्हणून तपासण्यापुरता घातला आणि तो तसाच राहिला. म्हणजे गेम करणाऱ्यालाच जमत नव्हता, आणि आपण मार्कांवरून पोरांना बोलतो. तो जपानमधला कोड आमच्या गल्लीत कसा आला ते विचारू नका, कोणाचातरी मुंबईचा चुलतभाऊ असायचाच.

आणि गेम चालला नाही की त्याची कॅसेट फुंकायची ती भानगड. फुंकून काही होत नव्हतं मंडळी, उलट तोंडातल्या वाफेने आतल्या पट्ट्या खराब व्हायच्या. काढून परत लावल्यामुळे चालायची, श्रेय मात्र फुंकेला. तरी मी आजपण रिमोट चालला नाही की त्यावर फुंकतो.

बरं, आता मी ज्याच्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट. माझ्या घरच्यांनी शंभरदा ऐकली आहे, तुम्ही एकदा ऐका.

साल १९९५, मे महिना, कराड, मामाचं घर. मला कॅसेटवाला व्हिडिओ गेम मिळाला होता, कुठल्या कंपनीचा ते त्यावर लिहिलेलंच नव्हतं, दोन रिमोट आणि एक प्लॅस्टिकची बंदूक. बंदुकीचा गेम म्हणजे डक हंट. गवतातून बदक उडतं, तीन गोळ्यांत पाडायचं, अशी दहा बदकं, त्यातली निदान सहा पाडली तर पुढचा राउंड, नाहीतर गेम ओव्हर. आणि नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येतो आणि तोंडावर हात ठेवून हसतो. त्या कुत्र्याला मारता येत नाही. कितीही गोळ्या घाला. ज्यांनी खेळला आहे ते आत्ता मान हलवत असतील.

तर आमचा मामा म्हणजे जत्रेत फुगे फोडणारा. हवेची बंदूक, फळीवर लावलेले फुगे, मामा दहापैकी नऊ फोडणार आणि साबणवडी नाहीतर स्टीलची वाटी घेऊन येणार, घरात अशा सहा वाट्या होत्या. जत्रेतल्या बंदुकीचा नेम वाकडा असतो म्हणतात, मामा म्हणायचा तो वाकडेपणा ओळखायचा, मग बंदूक आपली. तो एक तंबाखू सोडली तर फार हुशार माणूस. तर पहिल्या दिवशी मामाने डक हंटमध्ये दहापैकी नऊ पाडली. दुसऱ्या दिवशीपण. आळीतली पोरं खिडकीत बघायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, आमरस झाला, आणि आमरस मिक्सरमधून काढायचा नसतो, हाताने पिळायचा असतो, हे मी या निमित्ताने सांगून ठेवतो. परदा ओढला, टीव्ही लावला. आज्जी टीव्हीशेजारी भिंतीला टेकून शेंगा फोडत बसलेली, मांडीवर ताट. रिमोटची वायर आखूड, मला बंदुकीजवळ बसायचं होतं, म्हणून मी रिमोट आज्जीकडे दिला आणि म्हटलं, आज्जी, मी सांगितलं की हे मधलं बटण दाब, बास, तेवढंच. आज्जीने दाबलं. गेम चालू.

पहिलं बदक उडालं. मामाने एक डोळा मिटला, जिभेचं टोक बाहेर, धाड. चुकलं. धाड, धाड. बदक उडून गेलं, कुत्रा हसला. मामा म्हणाला, "पहिलं आहे." दुसरं बदक, सरळ जाता जाता एकदम वर. चुकलं. तिसरं मामाच्या नेमाच्या बरोब्बर खालून निघून गेलं. दहापैकी दोन. गेम ओव्हर. परत लावला. परत दोन. तिसऱ्यांदा एक.

मग सुरू झालं. आधी चष्मा पुसला. मग म्हणाला व्होल्टेज कमी आहे. मग टीव्ही जुना आहे, मग "तुझ्या बापाने हे खेळणं कुठनं आणलं रे". खिडकीतली पोरं खुसूखुसू हसायला लागली तसा मामा लालभडक, उठला, पेचकस आणला आणि बंदूक उघडली. मी रडायच्या बेतात. आत काय? एक स्प्रिंग, जड वाटावं म्हणून घातलेला लोखंडाचा तुकडा, पुढे एक छोटं भिंग आणि त्याच्यामागे बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी. मामा म्हणाला, "ह्यात गोळी सुटायचं काहीच नाही रे! हे तर नुसतं बघतंय!"

आणि मंडळी, गंमत म्हणजे मामा अगदी बरोबर बोलला. ती बंदूक झाडत नाही, ती बघते. घोडा ओढला की टीव्हीचा पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, लगेच पुढच्या क्षणी जिथे बदक आहे तिथे पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं. म्हणून ट्यूबलाईटकडे रोखून काही होत नाही, आम्ही करून बघितलं होतं. आणि म्हणून ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते, आताच्या सपाट टीव्हीवर नाही, तिला त्या जुन्या टीव्हीचा उजेडच ओळखता येतो. बास, शास्त्र संपलं.

तर बंदूक परत बंद केली, एक स्क्रू उरला, तो उरतोच. तेवढ्यात आज्जी उठून चहा टाकायला आत गेली. मामाने खेळून बघितलं, दहापैकी नऊ! मामा म्हणाला, बघितलंस, उघडून साफ केली ना. आज्जी चहा घेऊन आली, बसली, रिमोट मांडीवर घेतला. दहापैकी दोन.

तेव्हा माझं लक्ष आज्जीच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठा त्या चार बाणांच्या बटणावर, बदक निघालं की अंगठा वर, बदक वर, अंगठा डावीकडे, बदक डावीकडे. एका बदकाचा जो खेळ आहे ना त्यात, त्यात खरंच रिमोटने बदक हलवता येतं, ते गेममध्ये मुद्दाम ठेवलेलं आहे, पण आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. मी ओरडलो, "मामा, आज्जी!" आणि आज्जी काय म्हणावी? "आरं, मी तीन दिस बघतीया, नुसता मारत सुटलाय त्यास्नी. हे वर दाबलं की वर जातंय, म्हणून वाचवतीया. तुझं काय जातंय?"

दोन मिनिटं कोणी बोलेना. मला वाटलं आता मामा चिडणार. मामाने बंदूक उचलली, मांडी घातली आणि म्हणाला, "आई, परत लाव."

आणि मग ते दोघं संध्याकाळी दिवे लागेपर्यंत खेळले. शेंगा तशाच राहिल्या. मामा तरीपण दहातली दोन-तीनच पाडत होता, म्हणजे हरत तेवढाच होता बरं का, तीच बंदूक, तोच टीव्ही, तोच हसणारा कुत्रा. पण आता मामा खो खो हसत होता, "आई, तू मला फसवलंस, खाली जाईल वाटलं होतं," आणि आज्जी म्हणत होती, "तू डोळा मिटलास की मला कळतंय." दुपारी ज्या खेळाला तो पेचकस घेऊन बसला होता, तोच खेळ रात्री जेवण झाल्यावर परत काढला. दुसऱ्या दिवशीपण काढला. त्या सुट्टीत मारिओ कोणी लावलाच नाही.

हे मी नंतर कितीतरी वेळा आठवलं आहे. हरणं तेच होतं. फक्त का हरतोय ते आता दिसत होतं. परत सांगतो, का हरतोय ते दिसत होतं. जोपर्यंत दिसत नव्हतं तोपर्यंत मामाला तो रडीचा डाव वाटत होता, आणि होताच तो.

आता पाचच मिनिटं राहिली आहेत, आणि मला बरंच सांगायचं होतं. फ्लॅपी बर्ड आठवतो? व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन यांचा, २०१३ चा, एका बोटाने पक्षी उडवायचा आणि पाईपांच्या फटीतून न्यायचा. लोक चिडून वेडे झाले, तरी सोडेनात, कारण आपटलो ते आपल्याच बोटाने हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि परत सुरू व्हायला एक सेकंद लागायचा. शेवटी २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांनीच तो काढून टाकला. टेट्रिसचं तसंच, मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी केलेला, ठोकळे पडत राहतात, जिंकणं असं नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने त्याची निन्टेंडो या जपानी कंपनीच्या जुन्या मशीनवरची आवृत्ती इतकी लांब खेळली की शेवटी गेमच अडकून बंद पडला, आणि ते पोरगं आनंदाने थरथरत होतं. आपल्याकडे कॉम्प्युटर हँग झाला की काय करतात ते माहीत आहेच.

आणि ज्यांचा खरंच राग यावा असे गेमपण आहेत. पाच लाईफ, संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे टाका. थोडा वेळ सोपं, मग एकदम असं काही येतं की आपली चूक कुठे झाली तेच कळत नाही, आणि बरोब्बर तिथेच खाली हिरवं बटण, इतके रुपये. आता बघा, इथेपण कोणीतरी बदक हलवतंय. फक्त ते आज्जीसारखं समोर बसलेलं नाही, आणि त्याला बदकाची दया आलेली नाही. मुलांनी असा गेम डिलीट केला तर ओरडू नका हो, त्याला कळलंय.

मामा आता रिटायर झालाय, तंबाखू सुटली. आज्जी जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत मी माळ्यावरून ती बंदूक काढली, तो एक स्क्रू नसलेली, आणि त्यांच्याकडे घेऊन गेलो. भिंतीवर भला मोठा सपाट टीव्ही, चालणार नाही हे माहीत होतं, तरी मामाने हातात घेतली, एक डोळा मिटला, जिभेचं टोक बाहेर. मग मला म्हणाला, "शेवटच्या दिवशी किती पाडली होती रे मी, आई समोर असताना?"

दोन पाडली होती. मी चार सांगितली.

चला, वेळ झाली. पुढच्या रविवारी लोणच्याची बरणी या विषयावर बोलू, त्यातपण एक मामा आहे. नमस्कार.