काकूंना दूध आवडतं, गीत नाही

आधी हे कोडं वाचा. माझ्या काकूंना दूध आवडतं, गीत आवडत नाही. फूल आवडतं, रूप नाही. लकडी पूल आवडतो, मुठेचा तीर मात्र नाही. का?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी मुलं जमली होती, तेव्हा यातल्या पहिल्या दोन जोड्या सांगून मी हेच कोडं घातलं. थोरला लगेच म्हणाला, "हाताला लागतं ते काकूंना आवडतं." मग तो विचारत सुटला. चूल? आवडते. खीर? आवडते. मूल? आवडतं. प्रत्येक होकारासरशी त्याची खात्री वाढत गेली.

तेवढ्यात नऊ वर्षांची धाकटी म्हणाली, "शरीर?"

नाही आवडत.

एका नकाराने थोरल्याचा नियम कोसळला. नकार येईल असा शब्द मुद्दाम विचारणं, हे या खेळातलं खरं कसब, आणि ते मोठ्यांनाही चटकन जमत नाही. १९६० साली पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितलं. नियम अगदी साधा होता: चढते आकडे. पण बरेचजण ८, १०, १२ असे आपल्या मनातल्या नियमात बसणारेच आकडे विचारत राहिले.

धाकटीने वहीत दोन रकाने पाडले आणि शब्द वाक्यात घालून पाहिले. एकीकडे दुधात, फुलात, चुलीत, खिरीत. दुसरीकडे गीतात, रूपात, शरीरात. मग पेन्सिलीचं टोक 'दु'वर टेकवून म्हणाली, "हा लहान झाला!"

तिला सापडलं ते मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत आहे. शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर सामान्यरूपात, म्हणजे शब्दाला प्रत्यय लागताना, ते अक्षर ऱ्हस्व होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द याला अपवाद. म्हणून पुलावर, पण तीरावर. 'वकील' अरबीतला, तरी 'वकिलाला' होतो. तो घरचाच झाला आहे. हे नियम आम्ही शाळेत घोकले आणि विसरलो. आपल्या हाताने शोधलेला नियम ही मुलगी विसरेल असं मला वाटत नाही. शुद्धलेखन असंच शिकवायला हवं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

पण तिचं समाधान झालं नव्हतं. "आणि जीव?"

मी थांबलो. आपण 'जिवाला घोर लागला' लिहितो आणि 'सूक्ष्मजीवांचा अभ्यास'ही लिहितो. पहिला जीव मराठीत मुरलेला, दुसरा शास्त्राच्या पुस्तकातला, संस्कृत वळणाचा. दोन्ही बरोबर.

हे ऐकून तिने 'जीव' दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिला.