वेलिंग्टनच्या किताबात असई नाही

मंडळी, नमस्कार.

माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं. लंडनला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात हाइड पार्कच्या कोपऱ्यावरचं ॲप्सली हाउस पाहायला गेलो. वेलिंग्टनच्या ड्यूकचं हे घर. आत चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली भांडी मांडली आहेत, दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला दिलेली. ‘डेक्कन’ हा शब्द वाचला आणि पाय तिथेच थबकले.

या ड्यूकचं मूळ नाव आर्थर वेलस्ली. त्याला 1809 मध्ये स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब दिला. तो स्पेनच्या आघाडीवर होता, त्याला विचारून कळवेपर्यंत थांबायला सवड नव्हती. म्हणून भाऊ विल्यमनेच आडनावाशी जुळणारं, सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावाचं नाव निवडलं. 1812 मध्ये तो अर्ल झाला, त्याच वर्षी मार्क्विस आणि 1814 मध्ये ड्यूक. त्याच्या किताबांत तालावेरा आहे, पोर्तुगालची डोरो नदी आहे. स्पेनने त्याला सिउदाद रोद्रिगोचा ड्यूक केलं, नेदरलँड्सने वॉटर्लूचा प्रिन्स.

आपल्या भोकरदन तालुक्यातलं असई, जिथे तो मराठ्यांशी लढला, ते मात्र कुठेच नाही. आणि तुमची सर्वांत सरस लढाई कोणती, असं पुढे विचारल्यावर त्याने नाव घेतलं ते असईचं!

23 सप्टेंबर 1803. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची प्रचंड फौज, मध्ये केळणा नदी. वाटाड्ये म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. मग लोक ये-जा करतात ते कुठून? उतार असणारच, आणि तो होता. पण पलीकडे शिंद्यांचे गोलंदाज होते. तोफा हातच्या गेल्यावर त्यांच्यातले काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून पाठीमागून डागू लागले. त्या दिवशी इंग्रजांची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. एवढा फायदा झाला तरी असं नुकसान पुन्हा बघायला नको, असं वेलस्लीने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या गोलंदाजांची नावं आपल्याला माहीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

किताब पुढे चालला. दुसऱ्या ड्यूकला मूल नव्हतं, म्हणून तो पुतण्याकडे गेला. सहावा ड्यूक 1943 मध्ये इटलीत सालेर्नोला लढताना पडला, अविवाहित. तेव्हा इंग्लंडचा किताब काकांकडे, जेराल्ड वेलस्लींकडे आला, पण स्पेनचा गेला बहिणीकडे, कारण तिथे मुलीलाही वारसा चालतो. तिने तो नंतर काकांना दिला. याच जेराल्डनी 1947 मध्ये ॲप्सली हाउस राष्ट्राच्या स्वाधीन केलं. सध्या नववे ड्यूक आहेत. स्ट्रॅटफील्ड सेच्या जहागिरीचा खंड म्हणून दरवर्षी 18 जूनला, वॉटर्लूच्या दिवशी, विंडसरच्या राजवाड्यात फ्रान्सचा तिरंगी रेशमी झेंडा भरावा लागतो.

येत्या सप्टेंबरात, असईच्या दिवसाच्या आसपास, आपण ॲप्सली हाउसला जाऊ. मुलांना नक्की घेऊन या. मी भोकरदन तालुक्याचा नकाशा आणतो, केळणा कुठे वळते ते त्यांना दाखवीन.