चित्र काढत नसताना

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर चित्रांबद्दल बोलायचं म्हणजे फोनवरून पुरणपोळीची चव सांगण्यासारखं आहे. पण आज माझी फारशी पंचाईत होणार नाही. कारण आज बोलायचं आहे ते चित्रकार चित्र काढत नसतो तेव्हा काय करत असतो, याबद्दल. आणि तो भाग, मंडळी, डोळ्यांना दिसणारा नाहीच.

मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक होतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवण्यात उभी हयात गेली. त्यातून वेळ काढून स्वतःचंही थोडंफार रंगवत आलो. आमच्या घरात मागच्या खोलीत एक कॅनव्हास आहे, साधारण तीन फूट बाय चार फूट. गणपतीच्या आधीपासून तो भिंतीकडे तोंड करून उभा आहे. परवा आमच्या सौ. म्हणाल्या, "याला काय शिक्षा केलीय का? वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा आहे बिचारा." मी म्हटलं, काम चालू आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर प्रत्येक चित्रकाराच्या घरातल्या माणसांना चांगली जमते.

पण खरोखरच काम चालू आहे. चित्र रोज समोर असलं की डोळ्यांना त्याची सवय होते, आणि मग चूक दिसेनाशी होते. म्हणून ते उलटं करून ठेवायचं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदम फिरवायचं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे खटकतं, ते खरं. कुणी चित्र आरशात बघतात, कुणी डोकं खाली-पाय वर करून टांगतात. हल्ली पोरं मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघतात. म्हणजे रंगांची भूल बाजूला होते आणि उजेड-अंधाराचा हिशोब कुठे चुकला ते कळतं. युक्ती नवी असली तरी गरज जुनीच आहे.

या बघत बसण्याचा सगळ्यात मोठा बादशहा म्हणजे वासुदेव गायतोंडे. मूळचे गोव्याकडचे, जन्म 1924 चा, नागपूरचा. वाढले गिरगावातल्या चाळीत, 1948 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. पुढे मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, अगदी समुद्रालगत. त्या वास्तूत तेव्हा चित्रकार, नाटकवाले, संगीतातले लोक, सगळ्यांचा राबता असे. आणि गायतोंडे तासन् तास समुद्राकडे बघत बसत. 1972 मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन ईस्टला एका बरसातीत राहिले. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. वर्षाकाठी त्यांची चित्रं व्हायची पाच-सहा. फक्त पाच-सहा! आमच्याकडे एखादा हौशी माणूस एका रविवारी तेवढी काढतो आणि संध्याकाळपर्यंत फेसबुकवर टाकतोसुद्धा.

पण त्या पाच-सहांमागे काय होतं ते जवळून बघा. गायतोंडे ब्रशवर फारसे अवलंबून नव्हते. रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, ही त्यांची मुख्य हत्यारं. कॅनव्हासवर रंगाचा एक थर रोलरनं द्यायचा. तो पुरता वाळायच्या आत त्यावर वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले कपटे ठेवायचे, दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो, थोडा मागे राहतो. त्यावर पुन्हा पातळ थर. पुन्हा कागद. असं करत करत आतून उजेड यावा तसा पृष्ठभाग तयार होतो. पाण्याखाली काहीतरी हलतंय आणि ते वर येईल की नाही, सांगता येत नाही, असं काहीसं वाटतं बघताना. आता यात गोम कुठे आहे? रंग किती ओला असताना कागद ठेवायचा, इथे. थोडा लवकर ठेवला तर सगळा चिखल होतो. उशीर झाला तर काहीच उचललं जात नाही. म्हणजे थांबायचं किती, हेच कौशल्य. स्वयंपाकघरात पाक करणाऱ्या बायकांना हे मी समजावून सांगायला नको. एकतारी आणि दोनतारीमध्ये लाडू बिघडतो.

स्वतःच्या चित्रांना ते अमूर्त म्हणू देत नसत. त्यांचा शब्द होता नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न निघालेलं. 2001 मध्ये ते गेले, आणि 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. आता लिलावातले त्यांच्या चित्रांचे आकडे पेपरात येतात. मला त्या आकड्यांत रस नाही असं म्हणणं खोटं होईल, पण मला जास्त रस त्या गच्चीवरच्या खोलीतल्या दुपारींमध्ये आहे.

तुम्ही म्हणाल, गायतोंड्यांना जमलं. एकटा जीव. ज्याला घर चालवायचंय त्यानं काय समुद्राकडे बघत बसायचं? रास्त प्रश्न आहे. म्हणून आता ठाण्याला जाऊ.

सुधीर पटवर्धन. जन्म 1949, पुण्याचा. शिक्षण वैद्यकीचं, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. 1972 ला डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईकडे आले आणि 1975 पासून 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला. तीस वर्षं, श्रोतेहो! आणि ही तीस वर्षं ते हौस म्हणून रंगवत नव्हते. भारतातल्या महत्त्वाच्या चित्रकारांत त्यांचं नाव झालं ते याच काळात. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे चित्र 1977 चं. गिरणगावाचा पालटता चेहरा दाखवणारं ‘लोअर परळ’ 2001 चं. म्हणजे दोन्ही चित्रं दवाखान्याच्या वेळा सांभाळून झालेली आहेत.

मला या गोष्टीची नेहमी गंमत वाटते. क्ष-किरण म्हणजे काय? माणसाची कातडी, कपडे, जात, पगार, सगळं वजा करून आतली हाडं आणि सावल्या बघायच्या. दिवसभर हे करायचं, आणि कॅनव्हासपुढे उभं राहिलं की तीच माणसं सगळ्या वजनासकट परत आणायची. लोकलच्या पुलावर चालणारी, हॉटेलात टेबलावर कोपर टेकून बसलेली, दमलेली. पटवर्धनांच्या चित्रातला माणूस बसलेला असला की त्याचं वजन खुर्चीला जाणवतं. हे दवाखान्यामुळे घडलं असा सिद्धांत मी मांडत नाही. पण ज्यानं हजारो अनोळखी शरीरं रोज पाहिली, त्याचा हात शरीर काढताना वेगळा चालणारच, असं मला वाटतं. नोकरी-धंद्यानं कला मारली असं रडगाणं मीही पुष्कळ गायलो आहे. पटवर्धनांची चित्रं पाहिली की ते गाणं जरा हळू आवाजात म्हणावंसं वाटतं.

आणखी एक. 2008 च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाचं समकालीन भारतीय कलेचं प्रदर्शन जुळवलं आणि ते महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत फिरवलं. दुसऱ्यांची चित्रं, खोक्यांत भरून, गावोगाव. चित्रकार चित्र काढत नसताना काय करतो, याचं हेही एक उत्तर.

नोकरीवरून प्रभाकर बरवे आठवले नाहीत तर नवल. 1936 ते 1995 एवढंच आयुष्य, मूळ अलिबागजवळच्या नागावचे. 1961 पासून 1982 पर्यंत त्यांनी विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, आधी बनारसला, मग मुंबईत. हातमागाच्या कापडासाठी नमुने तयार करणारं हे सरकारी केंद्र. त्या काळातल्या कितीतरी चित्रकारांची चूल या केंद्रावर पेटली, त्यांत आपले अकोल्याचे अंबादासही होते. बरव्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत तरंगत असतात, आणि ती मोकळी जागाच जास्त बोलते. रंग कुठला? तर बऱ्याचदा एनॅमल. दारं-खिडक्यांना लावतो त्या जातीचा. उंची तैलरंगाच्या ट्यूबा दुकानात बघून हळहळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगायचो.

आणि बरवे लिहायचे. वह्याच्या वह्या. त्यांत टिपणं, रेखाटनं, वस्तू आणि तिची सावली यांच्याबद्दलचे विचार. त्यातूनच मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं, 1990 मध्ये. चित्रकारानं आपल्या कामाच्या आतलं इतक्या शांतपणे मराठीत मांडलेलं दुसरं पुस्तक मला चटकन सांगता येणार नाही. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा.

आता आजच्या पिढीकडे येतो. एक नाव घेतो, प्रभाकर पाचपुते. जन्म 1986, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. घरातल्या मागच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. पाचपुते शिल्पकला शिकले खैरागडला आणि पुढे बडोद्याला. आणि त्यांनी हातात काय घेतलं? कोळसा! म्हणजे चित्रकाराचा चारकोल, काडीचा कोळसा. 2012 मध्ये मुंबईत क्लार्क हाउस या कलाकेंद्रात त्यांनी खाणीवरचं प्रदर्शन केलं, आणि तेव्हापासून ते प्रदर्शनाच्या जागेच्या भिंतींवरच थेट रेखाटत आले आहेत. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी यंत्र, किंवा घर, किंवा दिवा. जमीन पोखरलेली. जनावरं थकलेली.

चारकोल ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, हा फार बेभरवशाचा सोबती. कागदावर हात घासला की पुसला जातो. शर्टाच्या बाह्या, नाक, कपाळ, सगळीकडे पोचतो. भिंतीवर मोठं चित्र करायचं म्हणजे शिडीवर चढायचं, खांद्यातून हात फिरवायचा, तळहातानं घासून करडा रंग पसरवायचा, कापडानं पुसून उजेड काढायचा. संध्याकाळी खाकरलं तर काळं पडतं. खाणकामगाराच्या पोराला हे नवं नसावं. प्रदर्शन संपलं की त्या भिंतीला पांढरा रंग लागतो. चित्र गेलं. दुसऱ्या देशात, दुसऱ्या भिंतीवर पुन्हा पहिल्यापासून. वेल्समधल्या आर्टेस मुंडी या स्पर्धेत त्यांची निवड झाली होती. वेल्स हाही कोळशाचाच मुलूख. 2021 मध्ये ते पारितोषिक निवड झालेल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आलं. 2022 मध्ये ते व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात होते. सास्तीहून व्हेनिस, मध्ये कोळशाची एक काडी.

असं फिरतं काम करणाऱ्या कलावंताचा दिवस गायतोंड्यांच्या दिवसासारखा असूच शकत नाही. विमानाची तिकिटं, व्हिसा, प्रदर्शन जुळवणाऱ्या क्युरेटरच्या ईमेलना उत्तरं, भिंतीची मापं, विम्याचे कागद, अनुदानासाठी अर्ज. अर्धा वेळ त्यातच जात असणार. याबद्दल नाकं मुरडणारे माझ्या वयाचे बरेच लोक आहेत. मला विचाराल तर जहांगीर आर्ट गॅलरीत आठवडाभर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आशेनं बघण्यापेक्षा अर्ज लिहिणं वाईट नाही. मी बसलोय तसा. एकदाच, एका छोट्या गॅलरीत, सोमवार ते रविवार. पावसाळा होता. कॅनव्हास नेताना टेम्पोची ताडपत्री फाटली आणि दोन चित्रांच्या मागच्या बाजूला ओल गेली. सात दिवस मी माझ्याच चित्रांच्या मागे बोट घालून बुरशी आली का ते तपासत होतो. अभिप्रायाच्या वहीत एका लहान मुलीनं लिहिलं होतं, "छान आहे पण वास येतो." आजवरचं सर्वांत प्रामाणिक परीक्षण.

एकट्यानं न होणाऱ्या कामाबद्दल बोलायला हवं, पण वेळ थोडा उरलाय. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखतं केली. बाईच्या अंगावर घालायची, संरक्षणही करणारी आणि कोंडूनही ठेवणारी. ती घालून त्या स्वतः मुंबईत सार्वजनिक ठिकाणी उभ्या राहिल्या. वेत वाकवणं हे टोपल्या, खुर्च्या विणणाऱ्या कारागिराचं ज्ञान. तो वाकवण्याआधी भिजवावा लागतो, ऊब द्यावी लागते, नाहीतर काडकन मोडतो. कल्पना कागदावर किती का सुंदर असेना, वेत जेवढा वाकेल तेवढंच चिलखत वळणार. म्हणजे इथेही परत ओलं किती आणि वाळलेलं किती, हाच प्रश्न आला बघा.

तर श्रोतेहो, निवेदकताई घड्याळ दाखवताहेत. घरी सौ. हे भाषण ऐकत असणार, त्यामुळे आता मला माघार घेता येणार नाही. पाऊस संपलाय, हवा कोरडी झालीय, सकाळी आठच्या सुमाराला मागच्या खोलीत पूर्वेचा उजेड चांगला येतो. उद्या तो कॅनव्हास फिरवून बघतो.

नमस्कार.