अंजनेरीच्या सड्यावर दोरीचा चौकोन

[दृश्य: ऑगस्टची सकाळ. ढगात बुडालेलं पठार. ओल्या कातळावर चार खुंट्या आणि पिवळी दोरी.]

नाशिकहून त्र्यंबककडे निघालं की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा गड दिसतो. लोक वर चढतात ते अंजनीमातेच्या दर्शनाला. आज आपण वाटेतच, सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर गुडघे टेकून बसणार आहोत. समोर दोरीचा एक चौकोन आहे, एक मीटर बाय एक मीटर. त्यात काय काय उगवलंय, ते सगळं लिहायचं.

निळी-जांभळी इवली फुलं सीतेच्या आसवांची. पांढऱ्या गोंड्यांसारखे दिसतात ते गेंद. कडेला गवताची दोन-तीन पाती. माती जेमतेम बोटभर. या मातीत पोषण इतकं कमी, की सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून आपली भूक भागवतात. इथे कोण राहतंय आणि कोणाच्या शेजारी राहतंय, यावरून खालचा कातळ, साठणारं पाणी, मातीची जाडी, सगळं कळायला लागतं.

[दृश्य: युरोपातलं डोंगरी जंगल. करडी, गुळगुळीत खोडं.]

शेजार वाचायची ही पद्धत घडली आल्प्सच्या बाजूला. योसियास ब्राउन-ब्लांके हा स्वित्झर्लंडचा माणूस, जन्म 1884चा. वनस्पतीसमाजांवरचं, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या वनस्पतींच्या गटांवरचं, त्याचं पुस्तक 1928 साली आलं आणि युरोपभर त्याच वाटेने जंगलं मोजली जाऊ लागली.

तिथल्या डोंगरांवर मैलोन् मैल एकच झाड दिसतं, बीच. आपल्या सह्याद्रीत हे झाड नाही. उन्हाळ्यात त्याची सावली इतकी दाट पडते की खाली फारसं कुणी टिकत नाही. वर पाहिलं तर सगळी जंगलं सारखीच. मग वेगळेपण ओळखायचं कसं? खाली बघून. आम्ल, निकस जमिनीवर बीचखाली लुझुला नावाची केसाळ गवतासारखी वनस्पती येते. सकस, भुसभुशीत मातीवर गोड वासाचं गालिअम पसरतं. चुनखडीच्या उतारांवर सेफालान्थेरा हे ऑर्किड. म्हणून जंगलांची नावंही तशीच पडली: लुझुलो-फागेटम, गालिओ-फागेटम, सेफालान्थेरो-फागेटम. फागुस म्हणजे बीच, आणि शेवटचं ‘एटम’ सांगतं की हे एका समाजाचं नाव आहे. झाड तेच, पण सोबत कोण आहे त्यावरून ओळख ठरते.

[दृश्य: वहीचं पान. पेन्सिलने आखलेले रकाने.]

काम दिसतं सोपं, पण घाई चालत नाही. आधी एकसारखा तुकडा शोधायचा. अर्धा ओढा आणि अर्धा कडा असा चौकोन घेतला तर दोन्हींची भेसळ होते. चौकोन केवढा? लहान घ्यायचा, मग दुप्पट करायचा, मग पुन्हा दुप्पट. नवी नावं मिळायची जवळपास थांबली की तेवढा आकार पुरे. मग उंची, उतार, उताराचं तोंड कुठल्या दिशेला, झाडं-झुडपं-रोपं असे थर, आणि प्रत्येक जातीने किती जमीन झाकली त्याचा आकडा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर 1, पंचवीसपर्यंत 2, पन्नासपर्यंत 3, पंच्याहत्तरपर्यंत 4 आणि त्यापुढे 5. एखाददुसरंच रोप असेल तर त्याला वेगळी खूण.

असे कितीतरी चौकोन गोळा झाले की तक्ता मांडायचा. आडव्या ओळींत जाती, उभ्या रकान्यांत चौकोन. मग ओळी आणि रकाने पुन्हा पुन्हा हलवायचे, एकत्र राहणाऱ्या जाती शेजारी येईपर्यंत. पूर्वी हे सगळं हाताने होई, अख्खा तक्ता परत परत उतरवून. आता संगणक करतो.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. ग्लीसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1926 मध्येच बजावलं होतं की प्रत्येक जात आपापल्या गरजेने वाढते, समाजांच्या रेघा माणूस आखतो. पुढे व्हिटेकर या दुसऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्याच ग्रेट स्मोकी पर्वतांत उंचीनुसार मोजणी केली आणि 1956 साली दाखवलं की जाती हळूहळू बदलत जातात, मध्ये भिंत नसते. मला त्याचं म्हणणं खरं वाटतं. तरीही नावं हवीतच. ज्याला नाव नाही, ते कागदावर ‘पडीक’ ठरतं.

[दृश्य: कारवीचा उतार, मग घळीतली गर्द झाडी.]

भारतातल्या जंगलांची चँपियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांची 1968ची विभागणी आजही वापरली जाते. तिच्यात जंगलांचे 16 मुख्य गट आहेत. पण एवढ्या मोठ्या चाळणीतून हा सडा निसटतो. पायथ्याकडे साग, ऐन, धावडा, कुडा. उतारावर कारवी, तिला पुष्कळदा सरळ 5 द्यावे लागतात. घळीत जांभूळ, उंबर आणि ओलावा. आणि वर हा उघडा कातळ. एका गडावर इतके शेजार! इथल्या कंदीलपुष्पाची एक जात 2006 साली शास्त्राला नव्याने कळली. तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. या सड्याला रिकामी जमीन समजून खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे भरल्या घरात नवं बिऱ्हाड घुसवणं. कुणी चांगल्या मनाने केलं तरी.

तारीखही लिहावीच लागते. बीचच्या जंगलात ॲनिमोनी ही छोटी फुलवनस्पती वसंतात फुलते, वर पालवी दाटायच्या आत. उशिरा गेलात तर ती भेटतच नाही. आपल्याकडे कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. त्यानंतर उतारावर ऊन पोचतं आणि खालचा सगळा शेजार बदलतो. त्या वर्षीचा चौकोन आणि आदल्या वर्षीचा चौकोन, जागा तीच, पण वाचन वेगळं.

[दृश्य: दोरी गुंडाळणारे हात. खुंट्या तिथेच.]

दोरी आपण नेतोय, खुंट्या राहू देऊ. नोव्हेंबरात हा कातळ तापेल, आसवं सुकून जातील, गेंदाचे गोंडे तपकिरी होतील. तेव्हा याच चौकोनाशी परत बसायचंय. वहीतला दुसरा रकाना त्यासाठी कोरा ठेवलाय.