कुलकर्णींच्या मागे सतरा के

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? चला. आज इथे निम्मे कोड लिहिणारे आहेत आणि निम्मे लॉज, ट्रॅव्हल एजन्सी चालवणारे, म्हणजे रोज दहा जणांची ओळखपत्रं बघणारे, त्यामुळे थोडं यांच्यासाठी थोडं त्यांच्यासाठी असं बोलणार आहे, कुणाला बोअर झालं तर चहा बाहेर ठेवलाय.

विषय आहे ओळखपत्रं फोनच्या कॅमेऱ्यानं वाचणारी ॲप, आम्ही असंच एक बनवतो. नाशिकमध्ये हा विषय बोलायला मजा येते, कारण आपल्या खिशातला पासपोर्ट छापला जातो इथेच, नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तर पासपोर्ट उघडा, फोटोच्या पानावर खाली दोन ओळी दिसतात, विचित्र अक्षरांच्या, मध्ये मध्ये लेस दॅनच्या (<) खुणा. आम्ही ऑफिसात त्या खुणेला चोच म्हणतो, आजही तेच म्हणणार. प्रत्येक ओळीत ४४ खाने, ना एक कमी ना एक जास्त. आयकाओ म्हणून आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीची संघटना आहे, तिच्या ९३०३ नंबरच्या दस्तऐवजात हे सगळं ठरलेलं आहे, फॉन्टसुद्धा. जिथे लिहायला काही उरत नाही तिथे चोच भरायची.

आता एका कुलकर्णी बाईंचा पासपोर्ट घ्या, समजा अनिता सुरेश कुलकर्णी, खरं नाव सांगत नाही. पहिल्या ओळीत पी, चोच, आयएनडी, कुलकर्णी, दोन चोची, अनिता, चोच, सुरेश. मोजून बघा, २७ खाने होतात. उरलेल्या १७ मध्ये चोची. आणि आमच्या ॲपनं काय वाचलं? अनिता सुरेश केकेकेकेके... सतरा वेळा के! कारण ओसीआरला, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, चोच आणि इंग्रजी के हे जुळे भाऊ वाटतात, त्यात लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत असली की विचारूच नका. बाई काउंटरवर उभ्या, रिसेप्शनचा पोरगा हसतोय, आणि मी घरी बसून लॉग, म्हणजे ॲपच्या नोंदी, बघतोय.

तुम्ही म्हणाल, अहो त्यात चेक डिजिट, म्हणजे चूक पकडायला जोडलेला आकडा, असतो ना? असतो. एक मिनिट, फळ्यावर करून दाखवतो. २७ जुलै १९५२ चा जन्म, पासपोर्टात तो ५२०७२७ असा लिहितात. आकड्यांना क्रमानं ७, ३, १, परत ७, ३, १ नं गुणायचं. ३५, ६, ०, ४९, ६, ७. बेरीज १०३. शेवटचा आकडा ३, तो जन्मतारखेच्या पुढे छापलेला असतो. एक आकडा चुकीचा वाचला की बेरीज बिघडते आणि चूक पकडली जाते. झकास. फक्त हा चेक डिजिट पासपोर्ट नंबरला आहे, जन्मतारखेला आहे, मुदतीला आहे, पण नावाच्या ओळीला नाहीये! पहिल्या अख्ख्या ओळीला कुणी राखणदार नाही, हे बऱ्याच डेव्हलपर मंडळींना माहीतच नसतं, मलाही नव्हतं.

आणि पुढची गंमत ऐका. अक्षरांनाही किंमत असते, ए म्हणजे १०, बी ११, असं करत करत के म्हणजे २०. चोचीची किंमत शून्य. सगळं शेवटी दहानं भागून बाकी बघायची, म्हणजे के आणि चोच या हिशोबात एकच! आपल्या पासपोर्टचा नंबर एक अक्षर आणि सात आकडे असा आठच खान्यांचा, आणि जागा नऊ खान्यांची, म्हणजे नववा खाना कायम चोच. तिथे ॲपनं के वाचला तर नंबर चुकीचा आणि चेक डिजिट म्हणतो एकदम बरोबर. जी आणि ६ चंही तेच, जी म्हणजे १६, फरक बरोबर दहाचा. नेमकी जी जोडी डोळ्याला सारखी दिसते तीच हिशोबालाही सारखी.

हे आम्हाला कळलं कसं तर चिपमुळे. नवे ई-पासपोर्ट बघितलेत का, पुढच्या कव्हरवर खाली छोटी सोनेरी खूण असते, आत चिप. फोन टेकवला की एनएफसीनं, म्हणजे अगदी जवळून चालणाऱ्या रेडिओ लहरींनी, वाचता येते, आयफोनवर २०१९ पासून, अँड्रॉइडवर त्याच्याही आधीपासून. पण चिप अशी कुणालाही उघडत नाही. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत यांच्यापासून किल्ली बनते, म्हणजे आधी कॅमेऱ्यानं त्या ओळी वाचायच्या मग फोन टेकवायचा. आमची स्क्रीन हिरवी, सगळे चेक डिजिट पास, आणि चिप हूं की चूं करेना. तीन फोन बदलले, कव्हरं काढली, एकानं तर पासपोर्ट शर्टला घासून बघितला. दोन दिवसांनी नववा खाना दिसला. तिथे के बसलेला होता, मस्त.

मग नव्या व्हर्जनमध्ये काय केलं ते सांगतो. एक, देशाप्रमाणे नियम घातला, भारतीय पासपोर्ट असेल तर पहिला खाना अक्षरच, पुढचे सात आकडेच, नववा चोचच. दोन, एका फोटोवर विश्वास ठेवणं बंद. कॅमेरा चालू असताना दहा-बारा फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येक खान्यासाठी मतदान, चमक एका फ्रेममध्ये इथे असते दुसऱ्यात तिथे, हात थोडा हलतोच, तोच कामाला येतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात आवडतं आणि विकायला सगळ्यात अवघड जातं, ते म्हणजे मत फुटलं तर ॲपनं अंदाज मारायचा नाही, तो खाना पिवळा करून दाखवायचा, बाबा हे मला नीट दिसलं नाही, तू बघ. क्लायंट म्हणतात पिवळं कशाला, दुसऱ्या कंपनीचं ॲप सगळं हिरवं दाखवतं. दाखवत असेल बुवा.

जन्मसालाचे दोनच आकडे असतात हे पण लक्षात ठेवा, नाहीतर शंभरीचे आजोबा पाळण्यात जातील. पुढे.

मराठीचं काय, असा प्रश्न येणारच. आधारवर नाव मराठीत पण असतं. गूगलच्या एमएल किटमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या तयार साधनांत, देवनागरी वाचायची सोय आहे, फोनवरच चालते, टेसरॅक्ट नावाच्या फुकटातल्या ओसीआरमध्ये तर मराठीचं वेगळं मॉडेल आहे. पण इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये फट असते, आपल्याकडे शिरोरेखा सगळ्यांना एका दोरीवर वाळत घालते, वर रफार, खाली उकार, आणि झेरॉक्सची झेरॉक्स असली की रफार गायब, वर्षा गेली आणि वषा आली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आधार कार्ड वाचायचंच नाही. क्यूआर स्कॅन करायचा.

त्या क्यूआरमध्ये काय असतं? नाव, पत्ता, जन्मतारीख, छोटा फोटो आणि यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेची, डिजिटल सही. आतला डेटा दाबून भरलेला असतो, शेवटचे २५६ बाइट म्हणजे सही, ती यूआयडीएआयच्या जाहीर केलेल्या किल्लीनं तपासता येते, नेट नसलं तरी. कुणी फोटोशॉपमध्ये जन्मसाल बदललं तर ओसीआर बिचारं बदललेलं साल मन लावून वाचेल, पण क्यूआर मूळचंच सांगेल, आणि क्यूआरच्या आतला डेटा कुणी बदलला तर सही जुळणार नाही. अर्थात कुणी दुसऱ्याचाच अख्खा क्यूआर चिकटवू शकतो, म्हणून आतला फोटो समोरच्या चेहऱ्याशी लावून बघायचाच. लॉजवाल्यांनी हे एक करा.

आणि त्यात आधार नंबर पूर्ण नसतो, फक्त शेवटचे चार आकडे! म्हणजे तपासणीला नंबर लागतच नाही. गिऱ्हाइकांनो, मास्क्ड आधार डाउनलोड करा, पहिले आठ आकडे झाकलेले असतात, तेच द्या. २०२२ च्या मे महिन्यात यूआयडीएआयच्या बंगळुरू ऑफिसनं झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं, तेव्हापासून लोक गोंधळलेत ते गोंधळलेतच.

आता आमचं एक पाप कबूल करतो. पहिल्या व्हर्जनमध्ये स्कॅन केलेला फोटो ॲप गॅलरीत टाकत होतं, आमच्याच चुकीनं. रिसेप्शनच्या पोराच्या फोनवर सहलीचे फोटो, भाचीचा वाढदिवस आणि मध्ये मध्ये लोकांचे पासपोर्ट, आणि हे सगळं त्याच्या पर्सनल बॅकअपला जातंय! आता फोटो मेमरीतच राहतो, काम झालं की पुसतो. अँड्रॉइडवर गूगलचा जो नवा डॉक्युमेंट स्कॅनर आलाय तो प्ले सर्व्हिसेसमधून चालतो, तुमच्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगीच मागावी लागत नाही, डेव्हलपरांनो तो बघा. एखादं स्कॅनर ॲप कॅमेऱ्याबरोबर कॉन्टॅक्ट पण मागत असेल तर काढून टाका, ओळखपत्र वाचायला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा?

बोला काका. हां, काका विचारतायत की त्र्यंबकला त्यांचा लॉज आहे, विदेशी पाहुणा आला की २४ तासांत माहिती ऑनलाइन भरावी लागते, आपण अजून सी फॉर्मच म्हणतो त्याला, तर पोरगा हातानं टाइप करतो आणि चुकतो, ॲपनं भरलेलं चालेल का? चालेल की, पासपोर्टच्या त्या दोन ओळी जगभर सारख्याच. फक्त जर्मन पाहुणा आला तर देशाच्या तीन खान्यांत नुसता डी आणि दोन चोची येतील, घाबरू नका, ते तसंच असतं. आणि डीच्या पुढे दोन के दिसले तर मला फोन करा.