नाव आपलं, माल आपला

नमस्कार श्रोतेहो. थंडी पडली की आपल्या खानदेशात मळ्यावर भरिताचा बेत ठरतो. पऱ्हाटीच्या काड्या पेटवायच्या, हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजायची आणि भरीत कळण्याच्या भाकरीशी खायचं.

मागच्या हिवाळ्यात मी पुण्याला लेकीकडे गेले होते. एका हातगाडीवर 'जळगावची भरिताची वांगी' अशी पाटी दिसली, मी हौसेनं दोन किलो घेतली. भाजली तर साल जाड, आत बियाच बिया, चव कडसर. लेक म्हणाली, "आई, आपल्याकडची वांगी आता पहिल्यासारखी राहिली नाहीत गं." ती वांगी आपल्याकडची नव्हतीच. बोल मात्र आपल्या शेतकऱ्याला लागला. मला ते फार लागलं.

2016 मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय म्हणतो, म्हणजे हा माल या भागाचाच अशी सरकारी नोंद. पण तेवढ्यानं भाव वाढत नाही. शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करायची, मगच मानांकनाचं चिन्ह खोक्यावर लावता येतं. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून 2021 मध्ये मानांकनाची 22 टन केळी दुबईला गेली. एरवी घड ट्रकमध्ये चढला की त्याचं गाव पुसलं जातं आणि व्यापारी म्हणेल तो भाव.

गिऱ्हाइकाचंही तेच. बंद पाकिटातला पापड चाखून बघता येत नाही, म्हणून ते नावावर विसंबतं. तुम्ही घेताना पाकीट उलटून बघा: बनवणाऱ्याचा पत्ता, तारीख, अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक.

आमच्या बायकांचा गट ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखं वाळवण, करतो. गेल्या वैशाखात माल संपला आणि नाशिकहून वीस किलोची मागणी आली. एकजण म्हणाली, बाहेरून घेऊ, आपली चिठ्ठी लावू. कोणाला कळणार? रात्री ओट्यावर बसून बरंच बोलणं झालं. पैशाची गरज प्रत्येकीलाच होती. शेवटी तिनंच चिठ्ठ्यांचा गठ्ठा डब्यात ठेवला. सकाळी मी फोन करून सांगितलं, दादा, आमचे बिबडे संपले, दुसऱ्याचे आमच्या नावानं देणार नाही.

यंदा महाशिवरात्र झाली की लगेच ज्वारी भिजत घालणार आहोत, दुप्पट.